टॉवरच्या डाव्या अंगाला, तीन बोटं वर

काकांचा फोन आला तेव्हा रात्रीचे दहा वाजून गेले होते. नागपुरात हुडकेश्वरला राहतात. रिटायर झाल्यापासून जेवण झालं की गच्चीवर शतपावली, हा नेम. "तू ते तारे-बिरे पाहतोस ना, म्हणून तुलेच विचारून राहिलो. उमरेड रोडच्या बाजूनं एक लाइट आला होता. एवढा मोठा! चार-पाच मिनिटं एका जागी उभा होता ना बापा. आवाज नाही, काही नाही. अन् मग गप्पकन विझला. विमान नव्हतं ते, सांगून ठेवतो."

"एवढा मोठा" म्हणताना काकांचा हात नक्की पसरलेला असणार. फोनवर तो दिसत नव्हता, आणि दिसला असता तरी उपयोग नव्हता. सगळी गोम तिथेच आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

रात्रीच्या आकाशात एकटा प्रकाशाचा ठिपका दिसतो तेव्हा डोळा आपल्याला दोनच गोष्टी खऱ्या सांगतो. ठिपका कोणत्या दिशेला आहे आणि किती तेजस्वी आहे. तो किती दूर आहे, हे डोळ्याला कळत नाही. दिवसा अंतर कळतं ते झाडं, खांब, रस्ता अशा ओळखीच्या गोष्टींच्या आधारानं. काळ्या आकाशात असा आधारच नसतो. अंतर कळलं नाही की आकार कळत नाही आणि वेगही कळत नाही, कारण हे दोन्ही अंतरावरून काढायचे असतात. तरीही मेंदू गप्प बसत नाही. तो मनानंच एक अंतर धरतो, त्यावरून आकार आणि वेग ठरवतो आणि आपल्याला वाटतं आपण ते "पाहिलं".

थोडा हिशेब करून पाहू. 10 किलोमीटर उंचीवरून ताशी 900 किलोमीटरनं जाणारं विमान डोक्यावर असताना सेकंदाला साधारण सव्वा ते दीड अंश सरकतं. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक त्याच्या चाळीस पट उंच, म्हणजे 400 किलोमीटरवर आहे आणि सेकंदाला साडेसात किलोमीटरहून जास्त वेगानं धावतं. डोक्यावरून जाताना तेही सेकंदाला अंशभरच सरकतं. शंभर मीटरवरचा ड्रोन ताशी 8 किलोमीटरनं, म्हणजे माणूस धिम्या चालीनं पळतो तेवढ्या वेगानं गेला तरी हिशेब तोच. आणि पाच मीटरवरून सेकंदाला वीतभराहूनही कमी सरकणारा काजवा? तोही तितकाच. चौघेही काळ्या आकाशात एकाच चालीचे ठिपके. "लई स्पीडनं गेलं" हे वाक्य खोटं नसतं, पण त्यातून कळत काहीच नाही.

म्हणून मी कधीच "किती मोठा होता" असं विचारत नाही. विचारतो ते असं: किती वाजता? तुम्ही कुठे उभे होतात? तोंड कुठे होतं? क्षितिजापासून किती बोटं वर? किती वेळ दिसला? आणि शेवटी काय झालं, विझला, मावळला की कशाच्या आड गेला? या सहांची उत्तरं मिळाली की बहुतेक प्रकरणं घरबसल्या सुटतात. नाही मिळाली, तर शंभर जणांनी पाहिलेली गोष्टसुद्धा सुटत नाही.

वेळ सगळ्यात महत्त्वाची, आणि नेमकी तीच लोक अंदाजानं सांगतात. काका म्हणाले, "साडेआठ-पावणेनऊ." पंधरा मिनिटांत आकाशात काय काय होऊन जातं! अंतराळ स्थानक एका क्षितिजावरून उगवून दुसऱ्या क्षितिजावर मावळायला दहाएक मिनिटं पुरतात. मग मी विचारलं, "पाहताना कोणाला हाक मारली का, फोन केला का?" केला होता, पुतण्याला. "तू पण गच्चीवर जा" म्हणून. कॉलच्या यादीत वेळ निघाली: 8 वाजून 37 मिनिटं. तेव्हा लाइट समोर होता. फोन ठेवल्यावर मिनिटभरात विझला. ही युक्ती लक्षात ठेवण्यासारखी आहे. माणसाची आठवण सरकते, कॉल लॉग सरकत नाही. व्हॉट्सॲपवर आलेल्या व्हिडिओवर मात्र विसंबू नका. पाठवताना फाइलमधली मूळ वेळ आणि जागेची माहिती निघून जाते. मूळ फाइल मागायची, ज्यानं शूट केला त्याच्याच फोनमधली.

दिशेसाठी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी हुडकेश्वरला गेलो. याला पर्याय नाही. फोनवर "समोर" म्हणजे काय ते कळत नाही, आणि आपल्याकडे उजवीकडचं रिकामं प्लॉट म्हणजे पूर्व मानणारी माणसं पुष्कळ. काकांना म्हटलं, काल जिथे होतात तिथेच उभे राहा आणि बोट दाखवा. दूरवर एका मोबाइल टॉवरचा लाल दिवा होता. "त्याच्या डाव्या अंगाला. एवढ्या वर." हात सरळ लांब करून बोटं मोजली: तीन.

ही हातानं मोजायची रीत जुनी आणि भरवशाची. हात पूर्ण लांब केला की करंगळीची रुंदी सुमारे एक अंश, मधली तीन बोटं मिळून पाच, आवळलेली मूठ दहा. अंगठ्यापासून करंगळीपर्यंत ताणलेली वीत वीस अंशांच्या आसपास. लहान मुलाचा हात लहान, पण त्याची बोटंही बारीक, त्यामुळे माप जवळपास तेच येतं. पूर्ण चंद्र अर्ध्या अंशाचा असतो, म्हणजे करंगळीमागे सहज लपतो. विश्वास बसत नसेल तर येत्या पौर्णिमेला करून पाहा, मलाही बसला नव्हता. तर टॉवरची दिशा होकायंत्रानं पाहिली: दक्षिणेपासून थोडी पूर्वेकडे. उंची सुमारे पाच अंश. कालावधी चार-साडेचार मिनिटं. रंग पांढरा. हळूहळू वाढत गेला आणि मग विझला.

आता चाळणी लावायची. पहिली चाळणी ग्रह-ताऱ्यांची, कारण ते रोज असतात आणि तरी दर वर्षी कोणाला तरी नव्यानं दिसतात. शुक्र तर ठरलेला. चंद्राखालोखाल तेजस्वी, लुकलुकत नाही आणि गाडी चालवताना "पाठलाग" करतो. चंद्र करतो तसाच, कारण फार दूरची वस्तू आपण हललो तरी दिशा बदलत नाही. पण शुक्र सूर्यापासून आकाशात 47 अंशांपलीकडे कधी जात नाही. त्यामुळे सूर्यास्तानंतर तीन-सव्वातीन तासांत तो मावळलेलाच असतो. मध्यरात्री दिसलेला प्रकाश शुक्र नाही, हे डोळे मिटून सांगता येतं. दक्षिणेला हिवाळ्यात अगस्त्य हा एक फसवा तारा. नागपूरच्या अक्षांशावरून तो जास्तीत जास्त 16 अंश वर येतो, म्हणजे दीड मूठ. आणि व्याध क्षितिजाजवळ असला की हवेच्या थरांमुळे लाल-हिरवा-निळा चमचमतो. त्याला लोक ड्रोन समजतात. स्टेलॅरियमसारख्या ॲपमध्ये जागा आणि वेळ टाकली की त्या क्षणाचं आकाश समोर येतं. काकांच्या 8:37 ला टॉवरच्या डाव्या अंगाला पाच अंशांवर एवढं तेजस्वी काहीच नव्हतं. शिवाय तारा असा गप्पकन विझत नाही.

ग्रहांना हसू नये. 2012-13 मध्ये लडाखमध्ये पँगाँग त्सोच्या काठावरच्या आपल्या जवानांनी ऑगस्ट ते फेब्रुवारी अशा सहा महिन्यांत 329 वेळा आकाशात संशयास्पद प्रकाश नोंदवले. सीमेपलीकडचे ड्रोन असावेत असा संशय होता, आणि तिथे तो येणं साहजिकच. अखेर बेंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी छडा लावला: गुरू आणि शुक्र. उंचावरची कोरडी, स्वच्छ हवा, त्यामुळे ग्रह खालून दिसतात त्याहून कितीतरी प्रखर. हे जवान बेसावध नव्हते. उलट सावध होते म्हणूनच त्यांनी एकेक प्रकाश नोंदवला, आणि नोंदी होत्या म्हणूनच उलगडा झाला.

"पण तो हलत होता!" हे हमखास ऐकू येतं. अंधारात एकाच ठिपक्याकडे टक लावून पाहिलं की तो स्थिर असूनही तरंगतोय असं वाटू लागतं. 1799 मध्ये जर्मन निसर्गशास्त्रज्ञ हम्बोल्टनं तारे असे डुलताना पाहून त्याची नोंद केली होती. डुलणं ताऱ्याचं नव्हतं, पाहणाऱ्याच्या डोळ्यांचं होतं, हे नंतर कळलं. पुढे 1935 मध्ये मुझफ्फर शेरीफ या मानसशास्त्रज्ञानं यावरच प्रयोग केला. अंधाऱ्या खोलीत एक स्थिर दिवा दाखवून तो किती सरकला ते विचारलं. एकेकट्यानं पाहिलं तेव्हा प्रत्येकाचं उत्तर वेगळं. एकत्र बसवून मोठ्यानं बोलायला लावलं तेव्हा उत्तरं हळूहळू एकमेकांजवळ आली. न हललेला दिवा किती हलला यावर सगळ्यांचं एकमत! गच्चीवर अख्खं कुटुंब "हो हो, डावीकडे गेला" म्हणतं तेव्हा मला तो प्रयोग आठवतो. म्हणून साक्षीदार दोन असतील तर त्यांना वेगवेगळं विचारावं, एकमेकांसमोर नाही. खरंच हलतो का, हे पाहायला ठिपका पाण्याच्या टाकीच्या कडेच्या किंवा विजेच्या तारेच्या रेषेत धरून उभं राहावं. कडेपासूनचं अंतर बदललं तर हलला.

दुसरी चाळणी उपग्रहांची. त्यांना स्वतःचा दिवा नसतो, ते उन्हात चमकतात. आपल्याकडे अंधार झालेला असतो, पण 400 किलोमीटर वर अजून ऊन असतं. पृथ्वीची सावली वर सरकत जाते आणि सूर्यास्तानंतर साधारण दीड तासात नागपूरच्या डोक्यावरचं स्थानकही तिच्यात बुडतं. म्हणूनच चालता चालता उपग्रह मध्येच मालवतो. "विझला" या तक्रारीचं हे एक नेहमीचं कारण. हेव्हन्स-अबव्ह या संकेतस्थळावर आपल्या गावावरून कोणता उपग्रह कधी, कुठून कुठे जाईल त्याचं वेळापत्रक मिळतं. आणि मोत्यांची माळ किंवा आगगाडीसारखी सरळ रांग दिसली असेल तर ते स्टारलिंक. मे 2019 मध्ये पहिल्या साठ उपग्रहांची अशी रांग सोडली गेली, तेव्हापासून जगभर लोक दचकून उठतात. काकांचा लाइट मात्र एका जागी उभा होता. उपग्रहाला उभं राहता येत नाही. बाद.

काही चाळण्या अस्सल नागपुरी आहेत. लग्नसराईत वर्धा रोडच्या लॉनवरून आकाशात फिरणारे झोत सोडतात. ढग असले की त्यांचे गोल ढगाच्या पोटावर घिरट्या घालतात, आणि झोत हवेत दिसला नाही तर नुसते गोलच दिसतात. संक्रांतीला अंधार पडल्यावर कंदील किंवा एलईडी लावलेले पतंग. दिवाळीत कागदी उडते कंदील: नारिंगी, लुकलुकणारे, वाऱ्याबरोबर सगळे एकाच दिशेनं जाणारे आणि इंधन संपलं की विझणारे. वाऱ्याची दिशा विचारली की निम्मा निकाल लागतो. हिवाळ्याच्या धुक्यात कोराडी वीज केंद्राच्या चिमण्यांचं धूड गायब होतं आणि वरचे लाल दिवेच हवेत लटकलेले उरतात.

फोनच्या व्हिडिओबद्दल एवढंच, की तो बहुधा गोंधळ वाढवतो. झूम करून धरलेल्या कॅमेऱ्याला अंधारात फोकस सापडत नाही आणि ताऱ्याचा ठिपका फुगून "फिरणारी तबकडी" होतो. फ्रेममध्ये रस्त्यावरचा दिवा असेल तर त्याचं प्रतिबिंब भिंगांत उमटून बरोबर मध्यबिंदूच्या पलीकडे हिरवट ठिपका दिसतो. फोन हलवला की तो दिव्याच्या उलट पळतो. त्यापेक्षा झूम न करता, खाली घराचं छत किंवा झाड येईल असं अर्धा मिनिट स्थिर शूट केलेलं कंटाळवाणं चित्रण लाख मोलाचं.

आता या सगळ्या खटाटोपाचं काय चीज होतं, ते विदर्भानं एकदा डोळ्यांनी पाहिलं आहे. 2 एप्रिल 2022, गुढीपाडव्याची संध्याकाळ. पावणेआठच्या सुमारास आकाशातून जळते तुकडे रांगेनं जाताना नागपूरसकट विदर्भात आणि मध्य प्रदेशातही लोकांनी पाहिले. पहिला शब्द सगळ्यांच्या तोंडी आला तो उल्का. साहजिक आहे, लोणार आपल्याच विदर्भात. पण चित्रण नीट पाहिलं तर उत्तर त्यातच होतं. उल्का सेकंदाला 11 ते 72 किलोमीटर वेगानं वातावरणात शिरते आणि बहुतेक वेळा "तो बघ" म्हणेपर्यंत संपते. हे तुकडे मात्र सावकाश, जवळजवळ आडवे, बराच वेळ जात होते आणि एकामागून एक फुटत होते. पृथ्वीभोवती फिरणारी वस्तू खाली येते ती सेकंदाला सुमारे 8 किलोमीटर वेगानं आणि तिरकस, म्हणून तिचा जळण्याचा सोहळा लांबतो. म्हणजे हे माणसानंच वर पाठवलेलं काहीतरी होतं.

त्याच रात्री चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात लाडबोरीला धातूचं एक कडं पडलेलं सापडलं. दोन-तीन मीटर व्यासाचं, वजन 40 किलोंहून जास्त. पवनपार शिवारात धातूचा एक गोळाही मिळाला, अर्ध्या मीटरच्या आसपास. खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल कक्षेतल्या वस्तूंची बारकाईनं नोंद ठेवतात. त्यांनी वेळ आणि मार्ग ताडून सांगितलं की हा फेब्रुवारी 2021 मध्ये सुटलेल्या चिनी चांग झेंग 3बी रॉकेटचा तिसरा टप्पा असावा. तो वर्षभराहून जास्त काळ फिरत होता आणि त्या दिवशी खाली यायचा अंदाज आधीपासून होता. पुढे इस्रोची माणसंही येऊन तुकडे पाहून गेली. गावाच्या शिवारात पडलेलं कडं आणि एका रॉकेटचा अनुक्रमांक यांची गाठ पडली, ती लोकांच्या व्हिडिओवरच्या वेळेमुळे आणि दिशेमुळे.

अशा वेळी "आमच्या शेजारच्या गावातच पडलं" असं चार जिल्ह्यांतले लोक एकदम सांगतात. खोटं बोलत नसतात. 80 किलोमीटर उंचीवर जळणारी वस्तू क्षितिजापासून एक मूठ वर दिसली तर ती सुमारे चारशे किलोमीटर दूर असते. झाडामागे गेली की मात्र वाटतं, झाडामागेच पडली. खरं अंतर काढायला दोन जागचे साक्षीदार लागतात. सीताबर्डीवरून एक आणि कामठीवरून एक, मध्ये सुमारे 15 किलोमीटर. सीताबर्डीच्या डोक्यावर 10 किलोमीटर उंच असलेलं विमान कामठीहून पाहिलं तर क्षितिजापासून 34 अंशांवर, म्हणजे साडेतीन मुठी. तेच अंतराळ स्थानक असेल तर दोन्हीकडून जवळजवळ डोक्यावरच, फरक जेमतेम दोन अंशांचा. डोळ्याला जे अंतर कळत नाही, ते दोन गच्च्यांवरून असं निघतं. काकांच्या पुतण्यानं आळस केला नसता तर माझं काम सोपं झालं असतं. तो क्रिकेट पाहत होता.

राहिली तिसरी चाळणी, विमानांची. नागपूर देशाच्या मधोमध आहे याचा आपल्याला अभिमान असतो, पण त्याचा आकाशावर काय परिणाम होतो ते कोणी बोलत नाही. 1949 मध्ये रात्रीची टपाल विमानसेवा सुरू झाली तेव्हा मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रासहून निघालेली विमानं मध्यरात्री इथेच भेटून पोती अदलाबदल करत. आज त्याच चारही दिशांची विमानं आपल्या डोक्यावरून जातात, थांबत नाहीत एवढंच. विमानांचा माग ठेवणाऱ्या फ्लाइटरडार24 या संकेतस्थळावर मागच्या काही दिवसांची हालचाल मागे नेऊन पाहता येते. 8:37 ला नेली. दक्षिणेकडून, हैदराबादच्या बाजूनं, एक विमान सोनेगावला, आपल्या विमानतळावर, उतरायला येत होतं.

उतरणारी विमानं साधारण तीन किलोमीटरच्या खाली आली की समोरचे प्रखर दिवे लावतात. तोंड तुमच्याकडे असेल तर ते तीस-चाळीस किलोमीटरवरूनही दिसतात. विमान साधारण तीन अंशांच्या उतारानं खाली येतं. ते तुमच्याच रोखानं येत असेल तर जेवढं जवळ येतं त्याच प्रमाणात खालीही येतं, आणि आकाशात जागचं हलत नाही. नुसतं मोठं होत जातं. सोनेगावची धावपट्टी आग्नेय-वायव्य अशी तिरपी. उत्तरेकडे, म्हणजे काकांच्या रोखानं येणारं विमान धावपट्टीच्या रेषेत यायला डावीकडे चाळीसेक अंश वळलं आणि दिव्यांचा अरुंद झोत काकांच्या डोळ्यांवरून बाजूला गेला. गप्पकन. उरले ते पंखांवरचे लहान लाल-हिरवे दिवे आणि लुकलुक. एवढ्या अंतरावरून, इतका वेळ प्रखर प्रकाश पाहून दिपलेल्या डोळ्यांना ते दिसणं कठीण.

"अन् आवाज?" काकांनी धरलंच. तेव्हा विमान वीस किलोमीटरवर होतं. आवाजाला तिथून यायला मिनिटभर लागतो, आणि इंजिनाचा जोर उतरताना कमी केलेला असतो. मध्ये अख्खा उमरेड रोड.

सगळीच प्रकरणं अशी सुटत नाहीत. अमेरिकी हवाई दलाच्या ब्लू बुक प्रकल्पात आकाशातल्या अनोळखी वस्तूंच्या 1947 ते 1969 या काळातल्या 12,618 नोंदी जमा झाल्या. त्यांतल्या 701 अज्ञात राहिल्या. हे 701 परग्रहावरचे पाहुणे, असं म्हणणाऱ्यांची कमी नाही. पण "अज्ञात" हा शिक्का त्या वस्तूबद्दल फारसं सांगत नाही, तो आपल्या नोंदीबद्दल सांगतो. वेळ नसते, दिशा नसते, एकच साक्षीदार असतो. नासानं नेमलेल्या अभ्यासगटाच्या 2023 च्या अहवालाचा रोखही हाच होता: निष्कर्ष काढायला निरीक्षणंच पुरेशा दर्जाची नाहीत.

काकांना माझं विमान पूर्ण पटलेलं नाही, पण सवय लागली आहे. आता कालनिर्णयच्या चौकोनात पेनानं लिहून ठेवतात आणि महिनाअखेरीला फोटो पाठवतात. परवाच्या पानावर सात नोंदी होत्या. दोन विमानं, दोन उपग्रह, एक शुक्र, एक लॉनवाल्याचा झोत. सातवी अशी: "9:52, ईशान्य, दोन मुठी, पिवळट, 20 सेकंद, डावीकडे गेला, हळूहळू बारीक झाला, वारा नाही." मी तिन्ही चाळण्या दोनदा लावल्या. त्या वेळी त्या दिशेला विमान नव्हतं, उपग्रह सावलीत गेलेले होते, तारा वीस सेकंदांत सरकत नाही. नोंद चोख आहे, तक्रारीला जागा नाही. माझ्या वहीत तिच्यापुढचा रकाना अजून कोरा आहे, आणि काका रोज विचारतात, "लागला का पत्ता?"